चांदीचं अंग, सोन्याचे दात

“सोनं नाहीये हे, मावशी,” डॉक्टर म्हणाली आणि तिने दाओचा वरचा ओठ अंगठ्याने आणखी थोडा वर सरकवला. “दातांवर काही चढलेलं नाहीये. जे चढायला हवं होतं, तेच चढलेलं नाहीये.”

बुप्फा हसली. समोरच्याचं बोलणं नीट कळलं नाही की ती आधी हसते; दुकानात गिऱ्हाइकांशी वर्षानुवर्षं तसंच चालत आलंय. ती आली होती लस टोचून घ्यायला. लस मांजरांना, लग्न भाचीचं; ही जोडी तिला द्यायची होती. टेबलावर दाओ आणि पिंजऱ्यात तिचा भाऊ मेक, दोघं एकाच खेपेची, कोळसा जळून गेल्यावर मागे राहते त्या राखेच्या रंगाची, आणि केसाकेसाच्या टोकाला चांदी. सी-सवात म्हणजे भाग्याचं मांजर, हे थायलंडच्या कोराट शहरात कुणाला सांगावं लागत नाही. पण बुप्फाच्या घरच्या मांजरांची एक जादा खूण होती, आणि ती दाखवल्याशिवाय तिला राहवलं नव्हतं. “बघा तरी डॉक्टर, चांदीचं अंग आणि सोन्याचे दात!” असं म्हणून तिनेच दाओचा जबडा उघडून दिला होता. आता तो जबडा डॉक्टरच्या हातात होता, आणि टॉर्चच्या उजेडात ते सोनं कपाच्या तळाशी चहाचा डाग बसावा तसं दिसत होतं.

“ताप आला असेल लहानपणी,” बुप्फा म्हणाली.

“तापाने दात बिघडतात, पण असे नाही. ताप आला तेव्हा जे दात आत घडत असतील, तेवढ्यांवरच पट्टा उमटतो. इथे सगळेच्या सगळे, दोन्ही बाजूंचे, सारखे. हात लावून बघा, किती खरखरीत. ह्या सुळ्याचं टोक तर उडालंय. दुधाचे दात कसे होते?”

“असेच. पिवळे. म्हणून तर ही दोघं निवडली.”

नरुमोन डॉक्टर वयाने लहान होती, बुप्फाने जिच्या शाळेचे गणवेश शिवले असते एवढी. तिने मेकला बाहेर काढलं आणि त्याचाही ओठ वर करून बघितला. मग म्हणाली, “हे घराण्यातून येतं. आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही आलं तर पिल्लात दिसतं. एकाकडूनच आलं तर आत गप्प बसून राहतं. ह्यांची आई कोण?”

“घरचीच. मुक.”

“आणि बाप?”

“मुकच्या मावशीचा मुलगा.”

“त्याचा बाप?”

“घरचाच.”

“मावशी, तुमच्या घरात बाहेरचं कुणी येतं की नाही?”

“येतं ना. गिऱ्हाईक येतं.”

दोघी हसल्या. हसता हसता बुप्फाने विचारलं, “दुखत असेल का हो त्यांना?” आणि डॉक्टरने दाओच्या मानेवर हात फिरवत सहज सांगितलं, “दुखतंच. थंड पाणीसुद्धा लागतं. पण मांजर सांगत नाही, लपवतं. मान वाकडी करून एकाच बाजूने चावतं, मधेच घास टाकून देतं. आणि फार दुखायला लागलं की भूक लागली म्हणून वाटीपाशी येतं, वास घेतं, तुमच्याकडे बघतं आणि मागे फिरतं.”

वाटीपाशी येतं, वास घेतं, तुमच्याकडे बघतं आणि मागे फिरतं. ह्यानंतर डॉक्टर बरंच काही बोलली. भूल देऊन दात स्वच्छ करायचे, आतल्या मुळांचा फोटो काढायचा, जे वाचण्यासारखे असतील त्यांच्यावर लेप चढवायचा, जे नसतील ते काढून टाकायचे. दात नसलेलं मांजर मजेत जगतं, दुखऱ्या दातांचं जगत नाही. मऊ खाणं द्यायचं. रोज मऊ ब्रशने दात घासायचे, पेस्ट मांजरांचीच, माणसांची नाही. आणि ह्या दोघांना, त्यांच्या आईला, घरातल्या कुणालाच पुढे पिल्लं होऊ द्यायची नाहीत. बुप्फा मान हलवत होती. पण मनाने ती फिमाय गावी होती, तेव्हाच्या नवऱ्याच्या, थामरोंगच्या स्वयंपाकघरात, सिमेंटच्या गार जमिनीवर उकिडवी बसलेली, आणि तिच्या लग्नातली मांजरी माक तिच्याकडे बघून मागे फिरत होती.

बुप्फाच्या आईचा नियम साधा होता. ही मांजरं विकायची नाहीत, द्यायची. आणि द्यायची ती नव्या नवरीला, जोडीने. जोडी म्हणजे एका आईची पिल्लं, म्हणजे ती भांडत नाहीत, आणि ती भांडली नाहीत म्हणजे घरात भांडण नाही. खेपेत सोन्याच्या दातांची पिल्लं निघाली की आई त्यांच्या गळ्यात लाल दोरा बांधायची. ही नवरीची. साध्या पांढऱ्या दातांची घरी राहायची, त्यांच्यापासून पुढची खेप. आता पिंजरा मांडीवर घेऊन सोंगथेव टेम्पोच्या मागच्या बाकावर बसलेली बुप्फा हा नियम पुन्हा पुन्हा मनात उलगडून बघत होती, एखाद्या कपड्याची शिवण उलटून बघावी तसा. उलट्या बाजूने तो फारच वेगळा दिसत होता. दुखणारी तेवढी सगळी वेचून काढायची, सजवायची आणि लग्नात दुसऱ्याच्या घरी पाठवून द्यायची. आपल्या घरी ती कधी राहिलीच नाहीत, म्हणून आपल्याला कधी कळलंच नाही. आणि ज्यांच्या घरी गेली त्यांनी तरी काय सांगावं? नवरीबरोबर आलेलं मांजर जेवत नाही, हे कोण बोलून दाखवील? जेवणारं मांजर म्हणजे घराचं भाग्य, हे तर आईच लग्नात सगळ्यांच्या देखत सांगायची.

बुप्फाच्या लग्नातल्या जोडीची नावं माक आणि प्लू होती, म्हणजे सुपारी आणि विड्याचं पान. थामरोंगने ठेवलेली. तो फारसा बोलायचा नाही, पण नावं ठेवताना त्याला मजा आली होती. त्याच्या घरी नूडल्सचा कारखाना होता. कारखाना म्हणजे मागच्या अंगणात दोन चुली आणि बांबूच्या जाळ्यांवर वाळत घातलेल्या तांदळाच्या पातळ पोळ्या. सगळ्या घरावर पांढरं पीठ असायचं, उशीवर, थामरोंगच्या कानांच्या मागे. पहिले काही महिने त्या पिठाचा वास बुप्फाला आवडला होता, हे तिला आज कित्येक वर्षांनी आठवलं आणि बरं वाटलं नाही. मग माक खाईनाशी झाली. आधी थोडं, मग कमी, मग नुसती वाटीपाशी येऊन परत जायला लागली. तोंडातून लाळ गळायची. सासू वाईट नव्हती, कधी आवाज चढवून बोलली नाही. ती एवढंच म्हणायची, “मांजराला कळतं गं, बाई. आपल्या आधी कळतं.” काय कळतं हे तिने सांगितलं नाही, आणि बुप्फाने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ती घरात खोट शोधायला लागली. मांजराने निकाल आधी दिला होता, पुरावे तिने नंतर गोळा केले. थामरोंग जेवताना बोलत नाही. थामरोंग आईला उलट उत्तर देत नाही. मूल होत नाही. तो हसतो तेव्हा तोंडावर हात धरतो, म्हणजे काहीतरी लपवतो. काय लपवत होता बिचारा? पुढचा एक दात वाकडा होता. हे तिला तेव्हाही माहीत होतं.

आणि मग एक दिवस ती निघाली. तिला कुणी हाकललं नाही, आणि हीच गोष्ट लोकांना सांगताना ती नेहमी मान ताठ करायची. मांजराला जे घर मानवलं नाही तिथे बाईने का राहावं? माक टोपलीत, कपड्यांची पिशवी खांद्यावर. प्लूला तिथेच ठेवलं, कारण जोडी अशीही फुटलीच होती. थामरोंग हाताचं पीठ झटकत दारात आला आणि म्हणाला, “मांजर नेतेयस?” ‘जातेयस?’ नाही. ‘मांजर नेतेयस?’ बसच्या अड्ड्यापर्यंत हे दोन शब्द तिने तोंडात घोळवले आणि शेवटचा पुरावा म्हणून गाठीला बांधले. वर्षाच्या आत माक गेली. आई म्हणाली, “बघ, वेळेवर निघालीस. नाहीतर तूच गेली असतीस.” बुप्फाला तेव्हा किती हायसं वाटलं होतं! लग्न मोडल्याचं कारण असं हातात धरता येईल एवढं लहान, मऊ आणि राखाडी होतं. पुढची सगळी वर्षं, दुकान, शिलाई, भावाच्या मुलीला वाढवणं, आईचं आजारपण, हे सगळं त्या कारणावर उभं होतं. आणि आज एका मुलीने टॉर्च मारून सांगितलं की ते मांजर काहीच म्हणत नव्हतं. त्याचा दात दुखत होता.

फिमायच्या नूडल्सचं पाकीट तिच्या गल्लीतल्या दुकानातसुद्धा मिळतं. मागच्या बाजूला पत्ता आणि फोन नंबर छापलेला असतो. तिने कधी ते विकत घेतलं नव्हतं. हातात घेऊन परत ठेवलं होतं, पुष्कळदा. त्या दुपारी घेतलं. डॉक्टरने विचारलं होतं, आधीच्या जोड्यांतल्या मांजरांचे दात पुढे कसे झाले, कळेल का? तेव्हा हे कामाचंच होतं. दुकानाचं दार अर्धं लोटून ती मशीनपाशी बसली, भाचीच्या, प्रांगच्या लग्नाचं रेशीम बाजूला सारलं आणि नंबर लावला.

“नूडल्स,” पलीकडून आवाज आला. आवाजाचं वय झालं होतं.

“मी बुप्फा.”

“कोराटची?”

“दुसरी कुठली आहे का?”

“नाही,” तो म्हणाला. आणि पुन्हा, “नाही.”

“एक विचारायचं होतं. प्लूचे दात कसे होते?”

मागे कुठलंतरी मशीन चालू होतं, ते कुणीतरी बंद केलं. “मला वाटलं, कुणी गेलं,” थामरोंग म्हणाला.

“आई गेली. त्यालाही झाली वर्षं.”

“कळलं होतं. यायला हवं होतं मी. प्लूचे दात ना? पिवळे. मग काळे झाले. मग एकेक करून पडले.”

“आणि तो?”

“तो काय! नूडल्स उकडून पार लगदा करायचा, त्यात मासा कुस्करायचा. बकाबका खायचा. म्हातारा होऊन मेला. दात नव्हते तेव्हा तर जास्तच खायचा, चोर.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू गेल्यावर. थंडीच्या दिवसांत. वाटीत खडा आहे असं वाटलं, उचलून बघितला तर दाताचा तुकडा. मग वाटलं, अरे, म्हणजे...” त्याने वाक्य तिथेच ठेवलं. त्याची सवय तीच होती. पूर्वी ती त्याची अर्धी राहिलेली वाक्यं आपल्या मनाने पुरी करायची, आणि नेहमी वाईट करायची. ह्या वेळी ती थांबली.

“म्हणजे माकचंही तेच असणार,” तो म्हणाला.

“मला सांगितलं नाहीत.”

“काय सांगायचं? मांजर जेवायला लागलंय, परत ये? तू म्हणाली असतीस, माणसाला स्वतःला बोलता येत नाही म्हणून मांजराला पुढे करतोय.”

“म्हणाले असते.”

“हं. आणि आमच्या आईचं वेगळंच चाललं होतं. सून गेली आणि मांजर जेवायला लागलं, हे तिने अख्ख्या फिमायला सांगितलं. म्हणजे बघा म्हणे, कुणात दोष होता.”

बुप्फाला हसू आलं. त्याच वाटीतून दोन घरांनी दोन निकाल वाचले होते. “आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणायचात?”

“मी कुस्करायचो,” थामरोंग म्हणाला.

मग त्याने सांगितलं की आता मुलगा सगळं बघतो, बायकोला गुडघ्यांचा त्रास आहे. तिने सांगितलं की भावाच्या मुलीचं लग्न आहे. “जोडी देणार?” त्याने विचारलं. ती म्हणाली, बघते. तो म्हणाला, “मासा काटे काढून घाल हो. त्यांना जिभेने कळतं, पण दातांनी काढता येत नाही.” फोन ठेवल्यावर ती बराच वेळ पाकिटावरची शिजवण्याची कृती वाचत बसली. पाण्याला उकळी आणावी. नूडल्स सोडाव्यात.

प्रांग संध्याकाळी माप द्यायला आली. मोबाइलच्या दुकानातली नोकरी, पायात उंच सँडल, हातात बर्फाचा गोड चहा. स्टुलावर उभी राहिली आणि बुप्फा तिच्याभोवती फिरत, ओठांत टाचण्या धरून, कंबरेची शिवण आत घ्यायला लागली. टाचण्या तोंडात असल्या की बोलावं लागत नाही, म्हणून तिने त्या जरा जास्तच धरल्या होत्या.

“आत्या, माझ्या सासूने, एकच्या आईने, सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलंय. सोन्याचे दात बघायला दोन गाड्या भरून माणसं येणार.”

बुप्फाने टाचण्या काढून हातावर घेतल्या. “जोडी नाही देणार मी.”

“काय? मग लग्नाच्या पलंगावर शकुनाचं काय ठेवायचं? नुसता भोपळा आणि पाटा-वरवंटा? लोक म्हणतील, नवरीच्या घरच्यांनी भाजी पाठवली.”

तेव्हा बुप्फाने सांगितलं. दातांचं, आईच्या लाल दोऱ्याचं, डॉक्टरने सांगितलेलं सगळं. थामरोंगचं सांगायचं नव्हतं, पण तेही सांगून झालं, फक्त पिठाच्या वासाचं सोडून. प्रांग स्टुलावरून खाली उतरली नाही. तिने ग्लासातला बर्फ हलवला आणि म्हणाली, “मग दुरुस्त करून दे. पिल्लं होणंही बंद करून दे. मऊ घालीन, ब्रश करीन. मी एकचे कपडे धुणार नाहीये, पण मांजराचे दात घासीन.”

“दातांचं नाही गं.” बुप्फाला नीट सांगता येईना. “तू घासशील सगळं. पण एखाद्या दिवशी ते वाटीपाशी येईल, वास घेईल आणि मागे फिरेल. त्या दिवशी तू आधी वाटीकडे बघशील आणि मग नवऱ्याकडे. आणि एकदा तसं बघितलं ना, की त्याच्यात काहीतरी सापडतंच. कुणातही सापडतं.”

“आत्या, एककडे बघायला मला मांजर कशाला लागतंय? त्याची खोट मला आजच पाठ आहे,” प्रांग म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर एवढी हसली की कंबरेतली एक टाचणी तिला टोचली. बुप्फाला वाटलं, हिला काही कळलं नाही. मग वाटलं, हिला जे कळलंय ते मला त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं असतं तरी मी मांजराचंच ऐकलं असतं?

शेवटी जोडी द्यायची ठरली, पण दुरुस्त करूनच. दाओचे दोन दात काढावे लागले, मेकचा एक. बाकीच्यांवर लेप चढला. पिल्लं बंद करायला दोघांबरोबर मुकलाही नेलं. शस्त्रक्रिया झाल्यावर तिच्या पोटावरचे केस काढलेली गुलाबी जागा आणि बारीक टाके बघून बुप्फाला आईची आठवण झाली. आई रागावली असती असं नाही. तिला काही कळलंच नसतं. पांढऱ्या दातांची, गप्प बसलेली मुक, तिच्या आईची, तिच्या आजीची सगळी रांग त्या टाक्यांपाशी थांबली होती. आता कुठल्याच पिल्लाच्या गळ्यात लाल दोरा पडणार नव्हता. बुप्फाने मुकला मांडीवर घेतलं. तिला वाईट कशाचं वाटत होतं हे नेमकं कळत नव्हतं. रांग संपल्याचं वाटत होतं, आणि ती एवढी लांबल्याचंही.

लग्नात पलंग मांडायला एकच्या गावचे म्हातारा-म्हातारी आले होते, जन्मभर न भांडलेले म्हणे. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईने त्या खोलीत जायचं नसतं. बुप्फा दाराबाहेर उभी राहिली, कोराटातल्या इतक्या लग्नांत उभी राहिली होती तशी. आत भोपळा ठेवला, तीळ ठेवले, तांदूळ ठेवले. म्हाताऱ्याने दाओला गादीवर सोडलं आणि मेकला तिच्याशेजारी. कुणीतरी सोन्याचे दात बघायला ओठ वर केला आणि आत पांढरा लेप बघून निराश झालं. “हे तर आपल्यासारखेच आहेत की,” असा बाईमाणसाचा आवाज आला. मग सगळे जेवायला गेले.

त्यानंतर प्रांगचे फोन येत राहिले. दोघंही खातात. ब्रश करताना मेक बोट चावतो. एकची आई मांजरांना कोरडा वाळवलेला मासा घालायला बघते, तिच्या हातून हिसकावून घ्यावा लागतो. बुप्फा ऐकायची, मासा काटे काढून घाल म्हणायची, हे कुणी सांगितलं ते सांगायची नाही. आणि एका सकाळी, मशीनमध्ये दोरा ओवत असताना, फोन वाजला आणि प्रांग म्हणाली, “आत्या, मेक काल रात्रीपासून जेवत नाहीये. येतो आणि मागे फिरतो.”

“नवऱ्याशी भांडलीस?”

बोलून झाल्यावर तिला आपला आवाज ऐकू आला. आवाज तिचा होता, पण शब्द फार जुने, अनेक तोंडांतून आलेले, तिच्याच तोंडात टिकून राहिलेले. हातातला दोरा सुईच्या नेढ्यापाशी तसाच राहिला. बुप्फाला वाटलं, आता प्रांग वाटीकडे बघत असेल.

“हो, भांडलोय,” प्रांग म्हणाली. “जोरात. पण ते वेगळं, आत्या. इकडे डाव्या बाजूचा खालचा दात बघितला मी, मुळाशी लाल झालंय. डॉक्टरांचा नंबर सांग पटकन, एकने गाडी काढलीय.”

बुप्फाने नंबर सांगितला. एकेक आकडा सावकाश, चूक होऊ नये म्हणून. मग फोन बंद झाला, आणि ती बसून राहिली, आणि ‘ते वेगळं’ हे दोन शब्द स्वतःशी म्हणून बघायला लागली. तोंडात बसेनात. ती पुन्हा पुन्हा म्हणून बघत होती.